आधी एक गाव पूर्ण करा

पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली. इथल्या घराघरांत रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसून स्वतःचा गेम बनवणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमची नोकरी वेगळीच आहे. कोणी तळोज्याच्या कारखान्यात जातं, कोणी हार्बरच्या गाडीने रोज सीएसएमटी गाठतं, कोणी अजून कॉलेजात आहे. गेम हा घरी आल्यावरचा उद्योग. त्यातही तुम्ही निवडलाय तो सगळ्यांत लांबलचक प्रकार. खेळणाऱ्याने एक पात्र व्हायचं, गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, लढायचं, हळूहळू ताकद वाढवायची. तुम्ही त्याला आरपीजी म्हणता.

तो अर्धा झालाय आणि गेले कित्येक महिने पुढे सरकत नाही. तुम्ही फोल्डर उघडता, एखाद्या घराच्या कौलांचा रंग बदलता आणि बंद करता. मग डोक्यात प्रश्न सुरू होतात. हे कोण खेळणार? गोष्ट बरी आहे का? चित्रं कच्ची दिसतात का? दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी का? की सगळं पुसून टाकावं आणि सुखाने झोपावं?

पुसू नका. पहिल्यापासून सुरूही करू नका. असे निर्णय रात्री एक वाजता तर घेऊच नका.

आज एवढंच करा. त्या फोल्डरच्या दोन प्रती काढा. एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर, दुसरी इंटरनेटवरच्या तुमच्या खात्यात. फोल्डरच्या नावात तारीख घाला. मग ती प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर उघडा आणि गेम सुरू होतो का ते पाहा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना तळमजल्यावरच्या सामानाबद्दल वेगळं सांगायला नको. आणि पूर नाही आला तरी पावसाळ्यात वीज जाते-येते, त्यात हार्डडिस्क जाते. जुन्या प्रती आपोआप सांभाळणारी साधनं असतात, त्यांतलं गिट फुकट मिळतं. ते सवडीने शिका. तोवर तारखेचे फोल्डर पुरेत.

प्रत सुरक्षित असली की कापाकापीची भीती जाते. आणि पुढे मी तुम्हाला बरंच कापायला सांगणार आहे.

तुम्हाला वाटतं, गेम अडला कारण आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला तसं वाटत नाही. बहुतेक वेळा माणूस पुरेसा असतो, गेम फार मोठा आखलेला असतो. कागद-पेन घ्या आणि हिशेब करा.

गावात ३० माणसं आहेत. प्रत्येकाला १० वाक्यं दिली तर ३०० वाक्यं झाली. मग त्या गावावर धाड पडते. धाडीनंतर ती माणसं आधीसारखं बोलून चालणार नाही, म्हणजे ६०० झाली. अशी पाच गावं तुम्ही नकाशावर काढून ठेवलीत. ३,००० वाक्यं झाली आणि मुख्य गोष्ट अजून सुरूच झाली नाही.

आता निवडी बघा. गोष्टीत पाच ठिकाणी खेळणाऱ्याला दोन वाटांतली एक निवडायला दिली तर एकूण ३२ वेगवेगळे रस्ते होतात. एका रस्त्यात जो माणूस मेला तो दुसऱ्यात पुढच्या गावी भेटायला हवा. हत्यारं २० आणि शत्रू ३० असतील तर ६०० जोड्या झाल्या. त्यांतल्या एखाद्या जोडीत खेळणारा सहज जिंकतो आणि एखाद्या जोडीत कधीच जिंकत नाही. हे तुम्हालाच शोधायचं असतं.

सगळ्यांत जड हिशेब वेळेचा. तुमचा गेम २० तासांचा आखलाय. तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा तपासायचा तर २० तास खेळावं लागतं. नोकरी आणि घर सांभाळून तुम्हाला आठवड्याला ८ तास मिळतात. म्हणजे नुसत्या एका तपासणीला अडीच आठवडे गेले. तेवढ्या काळात नवीन काहीच बनत नाही. आणि चूक सापडली की दुरुस्त करून परत खेळायचं.

त्यात तुम्ही स्वतःच्या गेमची तुलना कशाशी करता ते पाहा. ‘बाल्डर्स गेट ३’ २०२३ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण होऊन आला. बेल्जियमच्या लॅरिअन कंपनीने तो बनवला, साधारण सहा वर्षं लागली आणि चारशेहून अधिक माणसं राबली. त्या गेमचा पहिला भाग तर त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच लोकांच्या हातात दिला होता. बाकीचं खेळणाऱ्यांचं ऐकत-ऐकत पुढची जवळजवळ तीन वर्षं बनवलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही अर्धा गेम दाखवावासा वाटला. तुम्ही एकटे, खोलीचं दार लावून, कोणाला न दाखवता त्याच्याएवढा बनवायला बसलात. शंका येणारच.

म्हणून आकार कमी करा. आपल्याकडे गावी पैसा बेताचा असला तर माणसं आधी एक खोली आणि चूल उभी करत. घरचे तिथे राहायला जात. पडवी, माडी मागाहून होई. गेममध्येही आधी एक गाव राहण्याजोगं करा.

कसं कापायचं ते उदाहरण घेऊन सांगतो. समजा तुमची गोष्ट शिवकाळातली आहे. नायक पनवेल बंदरातल्या एका तांडेलाचा मुलगा. तुम्ही आखलंय असं की तो कर्नाळ्याला जातो, बोरघाट चढतो, पुण्याला पोचतो, मग रायगड, मध्ये पाच किल्ले, दोन लढाया आणि एक फितुरी. सुंदर आहे. पण एका माणसाच्या रिकाम्या वेळात ते होणार नाही.

कर्नाळा किल्ला १६५७ मध्ये स्वराज्यात आला. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. १६७० मध्ये परत घेतला. या तीन सालांवर तीन मोठे गेम होतील. तुम्ही १६७० मधली एकच रात्र घ्या. बंदरावर मुलाच्या हातात एक निरोप येतो. उजाडायच्या आत तो कर्नाळ्याच्या पायथ्याशी पोचवायचा. बस, एवढीच गोष्ट.

त्याला तीन जागा लागतात: बंदर, वाटेतलं रान आणि किल्ल्याचा पायथा. माणसं पाच पुरतात. बाप, निरोप देणारा, नाक्यावरचा पहारेकरी, रानातली एक कातकरी बाई आणि पायथ्याशी वाट बघणारा. लढाई एकच ठेवा, आणि तीही टाळता येईल अशी. निवडही एकच ठेवा: जवळची वाट धरायची, जिथे पहारा आहे, की लांबची, जिथून उजाडायच्या आत पोचणं अवघड आहे. शेवट दोन. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात हे ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांचा गोष्टीत उपयोग करा. तुमच्या पाचही किल्ल्यांपेक्षा खेळणाऱ्याला त्या माश्या जास्त दिवस आठवतील.

हा गेम अर्ध्या तासात खेळून होतो. एका संध्याकाळी तुम्ही तो चार वेळा तपासू शकता.

बाकीचं सगळं ‘नंतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. पुण्याचा बाजार तिकडे, फितुरीही तिकडे. तळ्याकाठचं ते गाव तुम्ही फार जीव लावून केलंय, हे मला माहीत आहे. तरी तेही तिकडे टाका. त्याची प्रत आहे, ते कुठे जात नाही.

मग शेवट आधी बनवा. बहुतेक जण सुरुवातच घासत बसतात. पहिलं गाव चकचकीत होतं आणि शेवट कधी लिहिलाच जात नाही. शेवटाचा प्रसंग कच्च्या चित्रांत का होईना, उभा करा. सुरुवातीपासून तिथवर चालत जाता येतं का ते पाहा. नायकाच्या जागी नुसता चौकोन असला तरी चालेल. ती वाट एकदा जोडली गेली की रंगरंगोटी करायची.

पूर्ण झाला म्हणजे काय, हेही आधीच ठरवा, नाहीतर काम संपतच नाही. गेम उघडला की नाव दिसतं. आवाज कमी करता येतो. मध्येच बंद केला तर पुढे तिथूनच सुरू होतो. शेवट येतो. शेवटी ज्यांची मदत झाली त्यांची नावं दिसतात. एवढं झालं की तो पूर्ण झाला असं समजा.

अर्ध्या-पाऊण तासाच्या गेमला किंमत नाही, असं वाटून घेऊ नका. आपल्या मोक्षपटाचं बघा. परंपरा त्याचं नातं थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. एका पटावर शिड्या, साप, पाप, पुण्य आणि मुक्ती, एवढं सगळं मावतं.

अलीकडची उदाहरणंही आहेत. ‘अनरेस्ट’ हा भारतात बनलेला आरपीजी २०१४ मध्ये आला. जुन्या भारतासारख्या एका काल्पनिक नगरात दुष्काळ पडलाय आणि तुम्ही आळीपाळीने वेगवेगळ्या माणसांच्या जागी उभे राहता. करणाऱ्यांनी लढाई जवळजवळ बाजूला ठेवली आणि बोलण्यावर भर दिला. वलसाड जिल्ह्यातल्या वापीजवळचं चाळा हे गाव आपल्यापासून फार लांब नाही. तिथला स्टुडिओ ओलिओमिंगस ‘समव्हेअर’ नावाचं एक मोठं काम वर्षानुवर्षं करत आला. ते पूर्ण व्हायची वाट बघत ते थांबले नाहीत. त्याच जगातले छोटे-छोटे गेम त्यांनी एकेक करून बाहेर काढले आणि त्यांवरच जगभर त्यांचं नाव झालं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ तुम्हाला माहीत असेलच. तो हौशी माणसांचा नाही, पूर्ण वेळ काम करणाऱ्यांचा आहे आणि आरपीजीही नाही. पण २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडे पैसे मागितले तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. त्यांनाही शंका आल्या असतीलच. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नाच्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. काही तासांत संपणारा गेम आहे तो.

आता मुख्य गोष्ट. तुमचा गेम चांगला आहे की नाही, हे तुम्हाला विचार करून कळणार नाही. तुम्ही तो इतक्या वेळा पाहिलाय की त्यातलं तुम्हाला काहीच दिसत नाही. तो दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो.

एक गाव चालतं झालं की तीन माणसं शोधा. एक नेहमी गेम खेळणारा. एक कधीच न खेळणारा, म्हणजे तुमची मावशी किंवा बहीण. एक शाळेतला मुलगा किंवा मुलगी. शेजारची नववीतली मुलगी असेल तर उत्तम, ती तोंडावर खरं सांगते. रविवारी दुपारी एकेकाला बोलवा. तिघांना एकदम नको, एक जण दुसऱ्याला सांगत बसतो.

लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड आहे. तो चुकीच्या दाराशी दहा वेळा जाईल. तुमच्या तोंडावर येईल, “अरे, ती किल्ली विहिरीपाशी आहे.” बोलू नका. गेम लोकांच्या घरी जाईल तेव्हा तुम्ही तिथे नसणार.

वही घ्या आणि लिहा. कुठे अडला? कुठे वाचायचं सोडून नुसतं बटण दाबत सुटला? कुठे हसला? कुठे खुर्चीत पुढे सरकून बसला? कुठे मोबाइल हातात घेतला? त्याचं बोट आणि नजर पाहा, तोंडावरचं कौतुक लिहू नका.

“आवडला का?” असं विचारू नका. आपल्या घरची माणसं प्रेमाने “छान झालाय हं” म्हणतील, आणि त्यातून तुम्हाला काहीच मिळणार नाही. विचारा, “पुढे काय होईल असं वाटलं तुला?” विचारा, “तो पहारेकरी कसा माणूस वाटला?” विचारा, “कुठे कंटाळा आला?” उत्तर ऐका आणि वाद घालू नका. “तुला कळलंच नाही” असं म्हणालात तर पुढच्या वेळी ती मुलगी यायची नाही.

तिघंही एकाच ठिकाणी अडले तर चूक गेमची आहे, ती दुरुस्त करा. एकच जण अडला तर नोंद करा आणि पुढे जा. कोणी म्हणालं की यात उडणारा घोडा हवा होता, तर आभार माना आणि तो घोडा ‘नंतर’ मध्ये टाका.

टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ हा आरपीजी सप्टेंबर २०१५ मध्ये आला. चित्रांसाठी दुसऱ्यांची मदत होती, पण गोष्ट, संगीत आणि बराचसा गेम त्या एकाच तरुणाने केला. त्यातली चित्रं अगदी साधी आहेत. पण मे २०१३ मध्येच त्याने सुरुवातीचा एक भाग लोकांना फुकट खेळायला दिला होता. लोकांना ते जग आवडतंय हे त्याला पुढचं सगळं बनवायच्या आधी कळलं. तुम्हालाही तेच आधी कळायला हवं.

मराठीत लिहीत असाल तर हे आजच तपासा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट उमटत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, रफार हरवतो. ‘कर्नाळ्याच्या किल्ल्यावर निरोप्या पोचला’ एवढं एक वाक्य पडद्यावर आणा आणि नीट वाचा. हजार वाक्यं लिहून झाल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं. फुकट मिळणाऱ्या गोडो सॉफ्टवेअरमध्ये मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची सोय आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे टंक गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि गेममध्ये वापरायची परवानगीही आहे.

पण तुमच्या सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे वाक्य नीट दिसत असेल तर सॉफ्टवेअर बदलू नका. नवीन सॉफ्टवेअर शिकताना काम होतंय असं वाटतं, गेम मात्र तिथल्या तिथे राहतो.

मराठीत गेम केला तर कोण खेळणार, ही शंका मी पुष्कळांकडून ऐकतो. आपली भाषा बोलणारी आठ कोटींहून जास्त माणसं आहेत आणि त्यांना त्यांच्या भाषेत मिळणारे गोष्टीचे गेम हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच असतील. कातकरी बाई आणि तांडेल मराठीत बोलू द्या. इंग्रजी नंतर घालता येतं. त्यासाठी सगळी वाक्यं सुरुवातीपासून एका वेगळ्या तक्त्यात ठेवा.

दुसऱ्यांच्या वस्तूंबद्दल थोडंसं. इंटरनेटवर दिसलेलं चित्र, सिनेमातलं संगीत, कोणाच्या कादंबरीतलं पात्र, असं काही उचलू नका. इतिहास सगळ्यांचा आहे, पण कादंबरीकाराने स्वतः रचलेलं पात्र त्याचं असतं. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याचा हक्क राहतो. फुकट वापरायला दिलेली चित्रं आणि आवाज भरपूर मिळतात. केनी नावाच्या संकेतस्थळावरची चित्रं तर कुठल्याही अटीशिवाय वापरता येतात. काय कुठून घेतलं ते वहीत लिहून ठेवा. एखादा मित्र चित्रं काढून देत असेल तर आजच साध्या कागदावर लिहा: कोणाचं काय, गेम विकला गेला तर कोणाला किती, मध्येच कोणी सोडलं तर काय. दोघांच्या सह्या घ्या. यात अविश्वास नाही, अशा कागदाने मैत्री टिकते.

आता पैसे. या गेमसाठी कर्ज काढू नका. नोकरी सोडू नका. दागिन्यांना, मुदत ठेवीला हात लावू नका.

‘स्टारड्यू व्हॅली’ची गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगितली असेल. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने साडेचार वर्षं खपून तो केला आणि २०१६ मध्ये तो जगभर गाजला. खरं आहे. पण त्या वर्षांत त्याची जोडीदार कमावत होती आणि तो स्वतः एका नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायचं काम करत होता, हेही तितकंच खरं आहे. ही गोष्ट सांगताना हा भाग वगळू नका. आणि असं यश फार थोड्यांना मिळतं.

पहिला छोटा गेम फुकट द्या. इच डॉट आयओ या ठिकाणी तो ठेवायला काही खर्च येत नाही. स्टीमवर ठेवायला प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस गेम तपासून घ्यावा लागतो. तेव्हा ही दोन्ही ठिकाणं पुढची. कोणी फोन करून म्हणालं की आम्ही तुमचा गेम प्रसिद्ध करतो, अमुक हजार भरा, तर भरू नका. खरा प्रकाशक तुमच्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. अनोळखी माणसाने “माझा गेम जरा तपासून दे” म्हणून फाइल पाठवली तर ती उघडू नका. अशा फाइलींतून खात्यांचे पासवर्ड चोरले जातात.

घरच्यांशी बोला. तुमच्या आईला किंवा सासऱ्यांना ‘गेम’ म्हटलं की मोबाइलवरचा जुगार आठवतो. त्यांची भीती चुकीची नाही, त्यात घरं बुडालीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला तो त्यामुळेच. त्यांना शेजारी बसवून तुमचा गेम दाखवा. यात कोणी पैसे लावत नाही, ही गोष्ट आहे आणि ती खेळायची आहे, हे त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या. बंदराचं चित्र पाहून एखादे आजोबा जुन्या पनवेलबद्दल चार गोष्टी सांगतील, त्या तुमच्या कामाला येतील.

वेळ ठरवून घ्या. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ, असं काहीतरी. घरात सांगा आणि तेवढंच पाळा. पनवेलहून सीएसएमटीला जायला साधारण ऐंशी मिनिटं लागतात आणि यायला तेवढीच. एवढा प्रवास करणाऱ्याने रात्री दोनपर्यंत जागू नये. डोळे जातात, पाठ जाते, सकाळी घरात चिडचिड होते. गाडीत बसायला जागा मिळाली तर वहीत संवाद लिहा. उभं राहावं लागलं तर काही करू नका, आराम करा.

आणि घरच्यांनो, तुम्हालाही एक सांगतो. “अजून झाला नाही का?” असं विचारू नका. “मला दाखव की” असं म्हणा.

एवढं सगळं करून तीन महिने द्या. तीन महिन्यांत ते एक गाव पूर्ण होईल. मग बसून ठरवा. पुढचं गाव करावंसं वाटलं तर करा. नकोसं वाटलं तर सोडा, त्यात कमीपणा नाही. टार्न अ‍ॅडम्स आणि त्याचा भाऊ एका मोठ्या गेमवर वर्षानुवर्षं राबत होते. २००४ मध्ये त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हौस म्हणून सुरू केलेल्या दुसऱ्या एका गेमकडे वळले. तो होता ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. २००६ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि आजही खेळला जातो. सोडलेल्या कामातून शिकलेलं पुढच्या कामात आपोआप येतं. सोडताना एका कागदावर लिहून ठेवा: काय जमलं, काय अडलं, कुठली चित्रं पुन्हा वापरता येतील. फोल्डर मात्र पुसू नका.

राहता राहिली सोबत. एकट्याने शंका वाढतात. ग्लोबल गेम जॅम नावाचा उपक्रम २००९ पासून दर जानेवारीत होतो. ठरावीक थोड्या वेळात, अनोळखी माणसांसोबत एक छोटा गेम सुरुवातीपासून शेवटापर्यंत करायचा असतो. तो भारतातही भरतो. डिसेंबरात त्याच्या संकेतस्थळावर जाऊन जवळचं केंद्र शोधा आणि नाव नोंदवा. पनवेलमधून तुमच्यासारखे दोघं-चौघं मिळाले तर एकाच गाडीने जा, आणि परत आल्यावर महिन्यातून एकदा एकमेकांचे गेम खेळायला कोणाच्या तरी घरी बसा.